गावाचा इतिहास : कागद सापडतात, वाचायचे राहून जातात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळेचा सुवर्णमहोत्सव, देवळाचा जीर्णोद्धार, कुलमंडळाचे संमेलन, ग्रामपंचायतीचा ठराव अशा निमित्तांनी गावाचा किंवा घराण्याचा इतिहास लिहायला घेतला जातो. उत्साहाला तोटा नसतो, वर्गणीही जमते. पहिल्या चार-सहा महिन्यांत कागदांची छायाचित्रे ढिगाने गोळा होतात आणि मग काम थांबते. जे पूर्ण होते त्यात गॅझेटियरमधला मजकूर, वंशावळ, ग्रामदेवतेची आख्यायिका आणि मागे पाचपन्नास न वाचलेल्या मोडी लिपीतल्या कागदांची छायाचित्रे असतात. हे काम अडते कागदाच्या अभावी असा सार्वत्रिक समज आहे. मूळ अडचण पुढची आहे. वाचन, मितीचा (कागदावरच्या तारखेचा) पडताळा आणि नोंद या तीन कामांना प्रकल्पात वेळच धरलेला नसतो, पैसा तर नसतोच. या तीन कामांत नेमके काय करावे लागते आणि काय चुकते, हे हात घालणाऱ्यांना आधी कळावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण तपशिलाशिवाय त्याचा उपयोग नाही.

‘आमच्या गावाचा इतिहास’ हा विषय होऊ शकत नाही. विषय व्हायला काळ आणि प्रश्न लागतो. ‘१७२० ते १८१८ या काळात गावचा वसूल कोणाकडे जात होता?’ हा विषय आहे. ‘पाटीलकीचा तंटा कसा मिटला?’, ‘पाटाच्या पाण्याच्या पाळ्या कोणी ठरवल्या?’, ‘पेठ केव्हा वसली आणि शेट्ये-महाजनकी (पेठेचे वतन) कोणाला मिळाली?’ हेही विषय आहेत. प्रश्न ठरला की कोणत्या काळाचे कागद कुठे असतील हे सांगता येते. सतराव्या शतकाच्या आधीचे गावपातळीवरचे कागद तुरळक आहेत. एखादा महजर (गावसभेचा लेखी निवाडा), एखादी सनद (हक्क दिल्याचे राजपत्र), बऱ्याचदा तीही नकलेच्या रूपात. अठरावे शतक मात्र पेशवे दफ्तरामुळे (पेशवाईच्या सरकारी कागदांच्या संग्रहामुळे) श्रीमंत आहे. १८१८ नंतर इंग्रजी फायली सुरू होतात. साताऱ्याच्या छत्रपतींच्या मुलखातल्या गावांचे १८४८ पर्यंतचे कागद सातारा राज्याच्या दफ्तरात, आणि भोर, फलटण, औंध, सांगली यांसारख्या संस्थानांतल्या गावांचे त्या त्या संस्थानी दफ्तरात पाहावे लागतात. इंग्रजी मुलखातली नवी जमीनमोजणी १८३६ मध्ये इंदापुरापासून सुरू झाली. तिचे गावनिहाय कागद आजही भूमी अभिलेख कार्यालयांत सापडतात. मराठवाड्यातल्या गावासाठी निजामी अमदानीचे फारसी-उर्दू कागद वाचणारा माणूस हवाच. गोव्यात पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही लागतात. काही जुन्या गावकरी (गावसंस्थेच्या) कागदांसाठी गोयकानडी ही तिथली जुनी लिपी वाचणाराही लागतो. ज्या काळाची भाषा-लिपी वाचणारा माणूस हाताशी नाही, तो काळ विषयातून सरळ वगळावा. त्यात कमीपणा काही नाही.

दफ्तरखान्यात जाण्याआधी छापील साधने पाहावीत. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून छापलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड, गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघालेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग, १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची त्रैमासिके आणि पुरस्कृत ग्रंथमाला, जिल्ह्याचे जुने गॅझेटियर. यांतल्या स्थळसूची आणि व्यक्तिसूची आधी चाळायच्या, मग मजकूर. ज्या खंडाला सूची नाही तो पानोपानी पाहावा लागतो. तीन महिने तरी यात जातात आणि ते वाया गेले असे मंडळींना वाटते. पण ‘अप्रकाशित सनद’ म्हणून मुखपृष्ठावर मिरवलेला कागद शंभर वर्षांपूर्वीच छापून झालेला असतो, आणि हे पुस्तक निघाल्यावर कुणीतरी दाखवून देते, त्यापेक्षा हे तीन महिने स्वस्त आहेत. शिवाय छापील कागद वाचताना त्या काळच्या भाषेला कान सरावतो. पुढे मोडी वाचताना निम्मा शब्द लागला की उरलेला कळतो तो या सरावामुळेच.

आता दफ्तर. पुण्याच्या पुराभिलेखागारात कागद रुमालांत बांधलेले आहेत. रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), घडणी, प्रांत अजमास (प्रांतवार जमाखर्चाचे अंदाज), पागा, पथके, चिटणिसी, जमाव अशी त्यांची वर्गवारी आहे. ती कारकुनांनी राज्यकारभाराच्या सोयीने केलेली आहे. गावाच्या नावाने रुमाल मागितला तर मिळत नाही, आणि पहिला हिरमोड इथे होतो. त्यावर उपाय एकच. गाव त्या काळी कोणत्या तर्फेत (परगण्याच्या पोटविभागात), कोणत्या परगण्यात, कोणत्या प्रांतात होते हे आधी ठरवायचे. आजचा तालुका सांगून उपयोग नाही. भोर तालुक्यातले गाव असेल तर ते रोहिडखोऱ्यात, हिरडस मावळात की गुंजण मावळात, हे कळल्यावरच प्रांत अजमासाचा रुमाल मागता येतो. तर्फांच्या हद्दीही बदलल्या आहेत, म्हणून दर पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा खात्री करावी. एकाच नावाची गावे ही दुसरी अडचण. वडगाव, पिंपळगाव, निमगाव ही नावे शेकड्यांनी आहेत. ‘मौजे वडगाव’ एवढ्यावर कागद आपला मानू नये. तर्फ जुळली पाहिजे, पाटलाचे आडनाव जुळले पाहिजे, निदान कागदात आलेले शेजारचे एक गाव तरी जुळले पाहिजे. बुद्रुक आणि खुर्द ही जोड कागदात कधी लिहिलेली असते, कधी नसते. नसेल तेव्हा दोन्ही गावांची शक्यता टिपणात नोंदवून पुढे जावे.

कागद हातात आला की वाचायला लागण्याआधी त्याचा पत्ता लिहून घ्यायचा : दफ्तराचे नाव, रुमाल क्रमांक, पुडक्याचा क्रमांक, कागदाचा क्रमांक, पाहिल्याची तारीख. हे नंतर करू म्हटले की होत नाही, आणि पत्ता नसलेला कागद पुराव्यात धरता येत नाही. पुडक्यातला क्रम हलवू नये. तो कधी कधी मूळ कारकुनाचा असतो, आणि उत्तराचा कागद प्रश्नाच्या कागदाखालीच सापडतो. टिपणाला शिसपेन्सिल वापरावी, शाईचे पेन टेबलावर नको, बोट ओले करून पान उलटू नये. छायाचित्रणाची परवानगी असेल तर पहिले छायाचित्र रुमालाच्या चिठ्ठीचे, दुसरे कागदाच्या पुढच्या बाजूचे शेजारी मोजपट्टी ठेवून, तिसरे पाठीचे. पाठ सोडून देणे ही सर्रास होणारी चूक आहे. पाठीवर रवानगीची नोंद असते, लांब कागद चिकटवून केला असेल तर सांध्यावरचे शिक्के असतात, कधी पावतीची मिती असते. ‘मोर्तब सूद’ (मजकूर संपल्याची मोहोर) कुठे आहे हेही टिपावे. त्यानंतर ओळी दिसल्या तर त्या मागाहून घातल्या का, हा प्रश्न विचारायलाच हवा. छायाचित्रांच्या फायलींना त्याच संध्याकाळी रुमाल-पुडके-कागद-बाजू या क्रमाने नावे द्यावीत आणि तीन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. भ्रमणध्वनीत पडून असलेली दोन हजार निनावी छायाचित्रे हा अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांचा नेहमीचा शेवट आहे.

घराघरांतल्या कागदांविषयी कळकळीने सांगायचे आहे. सनद जपायची म्हणून लॅमिनेशन करून घेण्याची पद्धत सगळीकडे पसरली आहे. ती कृपया थांबवावी. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात मुरते आणि पुढे ते कागद फाडल्याशिवाय निघत नाही. पारदर्शक चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरे खातो. मोडी कागदांची शाई बहुधा काजळी आणि डिंकाची असते. ती उन्हाने फिकी होत नाही, पण पाण्याने पुसली जाते. म्हणून ओल्या फडक्याने धूळ पुसू नये, कोरड्या मऊ कुंचल्याने झटकावी. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांची लोहयुक्त शाई उलट वागते. ती पसरत नाही, पण कागद कुरतडते आणि अक्षराच्या जागी भोक पडते. दोन्ही तऱ्हेचे कागद घडी उलगडून, आम्लरहित कागदात गुंडाळून, कोरड्या जागी सपाट ठेवले की पुरे. कसर किंवा वाळवी लागलेली असेल तर घरगुती औषध न मारता जवळच्या पुराभिलेखागारात विचारावे.

खरी कसोटी वाचनाची. मोडी वर्ग दहा-पंधरा दिवसांत बाराखडी शिकवतात, ते उत्तमच आहे. पण बाराखडी येणे आणि अठराव्या शतकातली रोजकीर्द वाचता येणे यांत काही महिन्यांच्या रोजच्या सरावाचे अंतर आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे न थांबता लिहिली जातात. शब्दांत जागा नसते, विरामचिन्ह नसते, इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद नसतो. शब्द कुठे तोडायचा हे अर्थ ठरवतो, आणि अर्थ कळायला त्या काळचा कारभार माहीत असावा लागतो. सरावाचा क्रम अलीकडून मागे असावा : आधी छापील मोडी, मग एकोणिसाव्या शतकातले एखादे स्वच्छ हाताचे खरेदीखत, मग पेशवेकालीन टपोरे वळण, आणि सगळ्यांत शेवटी शिवकालीन. इंग्रजी अमदानीतले घाईचे कारकुनी अक्षर पेशवेकालीन वळणापेक्षा अवघड जाते, हे नवशिक्यांना खरे वाटत नाही. काळ जवळचा म्हणजे अक्षर सोपे, असे नसते.

संक्षेपांनी तर अनेकांना फसवले आहे. ‘ता॥’ म्हणजे तर्फ की तालुका, ‘पा॥’ म्हणजे परगणा की आणखी काही, हे त्या कागदातल्या इतर जागांवरून ठरवावे लागते. आकड्यांतल्या उभ्या दंडांचेही तसेच. ७॥ म्हणजे साडेसात, ७। म्हणजे सव्वासात, ७॥। म्हणजे पावणेआठ. दंडाला एक वाचले की साडेसात रुपयांचे सातशे अकरा होतात आणि पुस्तकात गावचा वसूल शंभरपट फुगतो. म्हणून हिशेबाच्या कागदाची बेरीज करून पाहणे सक्तीचे ठेवावे. रुपयाचे सोळा आणे धरून बाबवार रकमा मिळवाव्यात. कागदातल्या एकूण रकमेशी मेळ बसला तर वाचन बरोबर, नाही तर पुन्हा वाचावे. जमिनीच्या कागदात वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर हा हिशेब लावता येतो. पण काठीची लांबी सगळीकडे आणि सर्व काळी एक नव्हती. त्यामुळे बिघ्यांचे एकर करून छापण्याचा मोह टाळावा आणि मूळ माप तसेच द्यावे. धान्याच्या पायलीचे, मणाचे आणि खंडीचेही तेच.

लिप्यंतराचे नियम कागदावर लिहून सगळ्यांना द्यावेत. ओळीला ओळ ठेवायची. मूळ लेखन सुधारायचे नाही. संक्षेप सोडवला तर चौकोनी कंसात. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह, फाटले असेल तिथे ‘फाटले’ आणि अंदाजे किती अक्षरे गेली ते. गाळलेल्या जागी आपला शब्द भरायचा नाही. प्रत्येक कागद दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा आणि मग दोन्ही वाचने समोरासमोर ठेवावीत. फरक बहुतेक वेळा विशेषनामांत आणि आकड्यांत निघतो, आणि इतिहासाला नेमके तेच लागते. सरावलेला वाचकही पेशवेकालीन हाताची चार-पाच पाने दिवसाला नीट उतरवू शकतो, त्याहून जास्त नाही. चारशे पाने असतील तर ऐंशी ते शंभर दिवस झाले, आणि दुसऱ्याचे वाचन वेगळे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात हा आकडा दिसत नाही तोवर तो प्रकल्प पूर्ण होईल असे मानू नये.

मायन्यावरून काय समजायचे आणि काय समजायचे नाही, हेही सांगायला हवे. ‘राजमान्य राजश्री’ हा त्या काळी सर्वसाधारण शिष्टाचार होता. आपल्या पूर्वजाला तसे लिहिले म्हणजे राजाने विशेष मान दिला, असा निष्कर्ष घराण्यांच्या पुस्तकांत वारंवार दिसतो. तो टिकत नाही. उलट पत्राचा शेवट आज्ञेचा आहे की विनंतीचा, ‘जाणिजे’ आहे की ‘विज्ञापना’, यावरून लिहिणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाते बरेच उलगडते. त्याकडे मात्र क्वचित लक्ष दिले जाते.

वाचन झाले की मिती. हे काम सगळ्यांत कमी लोकांना येते, आणि सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. एकच दिवस घेऊ : पानिपतचा, १४ जानेवारी १७६१. हा पौष शुद्ध ८, शके १६८२, बुधवार. हिजरी सन ११७४. राज्याभिषेक शक ८७. फसली सन ११७०. शुहूर सन ११६१, कागदात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा अरबी शब्दांत लिहिलेला : एक, साठ, शंभर आणि हजार. दफ्तरी कागदांत बहुधा हाच शुहूर सन असतो. तो मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या मितीला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट ५९९ मिळवले तर पानिपत १७६० च्या जानेवारीत जाते. शकालाही तसेच. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९.

शुहूर सनाचे आणखी तीन धोके आहेत. कागदात शतक पुष्कळदा गाळलेले असते. नुसते ‘इहिदे सितैन’ म्हटले तर ते १०६१ ही असू शकते आणि ११६१ ही, म्हणजे आदिलशाही अमदानीचा कागद की नानासाहेब पेशव्यांच्या काळचा, एवढा फरक. तिथे अक्षराचे वळण आणि कागदातली माणसेच निकाल देतात. दुसरे, ‘मया’ म्हणजे शंभर आणि ‘मयातैन’ म्हणजे दोनशे. एवढे एक वाचन चुकले की कागद शंभर वर्षे मागे-पुढे सरकतो. तिसरा धोका सूक्ष्म आहे. वर्ष शुहूर, म्हणजे सौर, पण तारीख ‘छ ५ रबिलावल’ (छ म्हणजे चंद्र) अशी हिजरी चांद्र महिन्याची. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे शुहूर वर्षाच्या पहिल्या अकरा-एक दिवसांतल्या तारखा त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा येतात. मृगाच्या आसपासचा कागद असेल तर एकाच लिहिलेल्या मितीचे दोन दिवस निघतात, एक जूनच्या आरंभीचा आणि एक पुढच्या वर्षीच्या मे अखेरचा. जंत्रीत (तारखांच्या तयार कोष्टकात) पहिला सापडला की थांबू नये. वार दिलेला असेल तर तो पडताळावा. मात्र चंद्रदर्शनामुळे आणि दिवस सूर्यास्तापासून मोजण्यामुळे एका दिवसाचा फरक गृहीत धरावा.

परकीय कागद जोडताना वेगळी काळजी. पोर्तुगालने नवी (ग्रेगरियन) कालगणना १५८२ मध्ये घेतली, इंग्रजांनी १७५२ मध्ये. मधल्या काळात एकाच घटनेची गोव्याच्या कागदातली तारीख आणि सुरतेच्या वा मुंबईच्या इंग्रजी वखारीतली तारीख यांत सतराव्या शतकात दहा दिवसांचे आणि अठराव्या शतकात अकरा दिवसांचे अंतर असते. त्यात इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट त्यांच्या कागदांत १६६३ सालात पडते. आपल्याकडे राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही रूढ तारीख जुन्या (ज्युलियन) गणनेची आहे. संगणकावरच्या पंचांगात ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ घातले की १६ जून येतो आणि ‘आजवर सगळे चुकले’ असा शोध जाहीर होतो. दोन्ही बरोबर आहेत. पुस्तकाच्या सुरुवातीलाच कोणती गणना वापरली ते सांगावे आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी. उत्तरेकडचे कागद, विशेषतः राजस्थानी, वापरायचे असतील तर तिथला महिना पौर्णिमेला संपतो. वद्य पक्षाला ते आपल्यापुढच्या महिन्याचे नाव देतात, हे ध्यानात असू द्यावे.

मितीचा हा पडताळा बनावट कागदही पकडून देतो. वतनाच्या तंट्यांत खोटे कागद पुढे येत असत. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला (इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी मंडळाला) अधिकार मिळाल्यावर इनामदारांना जुने पुरावे दाखवणे भाग पडले, तेव्हाही असे कागद तयार झाले. तिथी आणि वार जुळत नाहीत, सही करणारा अधिकारी त्या साली त्या पदावर नाही, जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदाऐवजी कागद विलायती आहे आणि उजेडात धरला तर जलचिन्हात नंतरचे साल दिसते, या खुणा. एक खूण पुरत नाही. नक्कल करणाऱ्यानेही वार चुकवलेला असू शकतो. पण दोन-तीन खुणा जमल्या की तो कागद पुस्तकात ‘संशयास्पद’ म्हणून छापावा, दडवू नये. खोटा कागद कोणी, कोणत्या दाव्यासाठी केला असावा, हाही गावाचा इतिहासच आहे.

खरा कागददेखील कोणाच्या तोंडचा आहे हे पाहावे लागते. करीना म्हणजे एका पक्षाची कैफियत. त्यात वादीने सांगितलेली सात पिढ्यांची हकीकत ही वस्तुस्थिती म्हणून उतरवून घेतली जाते, आणि त्याच निवाडपत्रात खाली प्रतिवादीने ती खोडून काढलेली असते, ते पान कोणी वाचलेले नसते. निवाडा झाला तरी पुढच्या राजवटीत तो फिरला का, तेही पाहावे. वर्गणी देणाऱ्या घराण्याविरुद्ध निवाडा निघाला की प्रकल्पावर दडपण येते. यावर एकच उपाय आम्हांला योग्य वाटतो. सापडेल ते छापले जाईल असा ठराव वर्गणी गोळा करण्याआधी, लेखी, सर्वांच्या सह्यांनिशी करावा. नंतर तो होत नाही.

आणि गाव म्हणजे पाटील-कुलकर्णी एवढेच नव्हे. त्यांचे कागद जास्त राहिले म्हणून पुस्तकही त्यांचेच होते. महजराखाली बलुतेदारांनी आपापल्या हत्याराच्या निशाण्या केलेल्या असतात, पाटलाच्या नांगराशेजारी. त्या निशाण्यांसमोरची नावे उतरवली तर त्या साली गावात कोण सुतार, कोण चांभार, कोण महार वतनदार होते याची यादी मिळते. इतर कुठल्या कागदात ती मिळेलच असे नाही. हक्क-लवाजम्याच्या (वतनदारांच्या मानपानाच्या आणि उत्पन्नाच्या) याद्या, गावझाडे आणि थळझाडे (गावाची आणि शेतवार जमिनीची पत्रके) यांतही ही माणसे असतात. बायका वाटणीपत्रांत, दत्तकपत्रांत आणि विधवांच्या अर्जांत सापडतात. तीन-चार वेगळ्या कागदांत तेच नाव, तीच जमीन, तीच हद्द जुळत जाते, ताळेबंदातली जमा रोजकीर्दीतल्या जमेशी मिळते, ओसाड पडलेल्या वाडीचे नाव एकाएकी वसुलाच्या यादीत समोर येते. इतके दिवस डोळे मोडून केलेल्या वाचनाचे चीज इथे होते.

वेळेचा ढोबळ अंदाज देतो. दीडशे पानांच्या, एका गावाच्या, एका शतकाच्या अभ्यासाला दीड वर्ष धरावे. त्यातले तीन महिने छापील साधनांना, तीन दफ्तरातल्या शोधाला, सहा वाचन-लिप्यंतराला, दोन मिती आणि हिशेबांच्या पडताळ्याला, तीन लेखनाला आणि एक सूची-मुद्रितशोधनाला. पैशाची वाटणीही साधारण याच प्रमाणात असावी. सध्या मोठा वाटा प्रवास, गुळगुळीत कागद आणि प्रकाशन समारंभावर जातो. मोडी वाचणाऱ्याला मानधन देण्याची वेळ आली की निधी संपलेला असतो, आणि तरुण वाचक एक-दोन कामांनंतर पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. सहा महिने एका जागी बसून केलेल्या कामाला शाल आणि नारळ पुरत नाही. रंगीत पाने कमी करा, पण वाचकाचे मानधन पानाप्रमाणे आधी ठरवा आणि दर महिन्याला द्या.

थांबायचे कुठे, हेही आधी ठरलेले असावे. आणखी एक रुमाल पाहू म्हणत पाच वर्षे गेलेली कामे आहेत. ठरवलेले दफ्तर आणि ठरवलेले साल संपले की शोध बंद करावा. उरलेल्या दिशा शेवटच्या प्रकरणात नोंदवाव्यात, म्हणजे पुढच्याला तिथून सुरू करता येईल.

पुस्तक निघण्याआधीच, सर्व लिप्यंतरे कागदाच्या पत्त्यासह एका बांधणीत घालून तिच्या प्रती गावच्या वाचनालयात, जिल्ह्यातल्या इतिहास मंडळात आणि ज्या पुराभिलेखागारातून कागद घेतले तिथे जमा कराव्यात. पुस्तकाच्या पाचशे प्रती संपतात, लेखकाचा संगणक बिघडतो, आणि तोच रुमाल दहा वर्षांनी दुसरा कोणी शून्यापासून वाचायला घेतो. पुराभिलेख संचालनालयाने अशी लिप्यंतरे रुमाल क्रमांकाखाली नोंदवून घेण्याची आणि त्यांची गावनिहाय सूची उघडी ठेवण्याची व्यवस्था करावी, अशी आमची मागणी आहे. ग्रामपंचायती आणि संस्थांनी स्थानिक इतिहासाला अनुदान देताना शेवटचा हप्ता पुस्तकाच्या प्रकाशनाला न बांधता या जमा केलेल्या लिप्यंतरांच्या पावतीला बांधावा. आणि आपल्या दैनिकाने अशा पुस्तकांचा परिचय छापताना किती कागद वाचले, कोणी वाचले आणि त्यांचे पत्ते दिले आहेत का, एवढे तीन प्रश्न लेखकाला विचारावेत, ही विनंती.

आपले नम्र,
मोडी वाचन व स्थानिक इतिहासाचे अभ्यासक,
वाई, जि. सातारा